ब्राउझर बदलला, तो अक्षरासाठी

मला पडद्यावर मराठी वळणाचा ल आणि मराठी वळणाचा श हवा होता, म्हणून मी ब्राउझर बदलला. हे सांगितलं की लोक विचारतात, त्याने काय फरक पडतो, दोन्ही वळणं वाचता तर येतात ना? येतात. पण सकाळपासून संध्याकाळपर्यंत जिची नजर अक्षरांवरूनच फिरत असते तिला परक्या वळणाचं अक्षर रोज थोडंथोडं खुपत राहतं. ते खुपणं थांबवणं आपल्या हातात असेल तर थांबवावं, असं मला मनापासून वाटतं.

मी मुद्रितशोधनाचं काम करते. गंगापूर रोडवरच्या घरी, खिडकीशेजारच्या टेबलावर. पूर्वी प्रुफं कागदावर यायची. लाल शाईचं पेन, समासातल्या खुणा, गठ्ठा बांधून परत पाठवणं असा सगळा व्यवहार होता. आता बहुतेक काम ब्राउझरमध्येच चालतं. संकेतस्थळावर चढण्याआधीची पानं येतात, चार जण मिळून दुरुस्त करतात असे दस्तऐवज येतात. कथा-कादंबऱ्या कमी असतात, कामाची पुस्तकं जास्त. नाशिकमध्ये असल्यामुळे द्राक्षाची पत्रकं तर बारमाही येतात: एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडी छाटणी, डावणी आणि भुरीच्या फवारण्या, औषधाचं प्रमाण. हल्ली त्यांत २०२७च्या सिंहस्थासाठी निघणाऱ्या माहितीपुस्तिकांची भर पडली आहे.

अशा मजकुरात अक्षर नीट दिसणं ही हौस नसते. बारीक टायपात ‘सुत’ आणि ‘सूत’ एकसारखे दिसतात. ‘दिन’चा ‘दीन’ झालेला कळत नाही. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांत विद्वान आणि स्वयंपाकी एवढं अंतर आहे, आणि ते अंतर रफार आणि अर्ध्या ऱ्याच्या एका छोट्या फटकाऱ्यावर उभं आहे. एखाद्या पत्रकात दशांशचिन्ह ओळीच्या कडेला जाऊन पुसट झालं तर औषधाचं प्रमाण दहापट होतं, आणि ते पत्रक वाचून फवारणी करणारा माणूस माझ्या ओळखीच्या गावातला असतो. दिंडोरी, निफाड, पिंपळगाव बसवंत ही काही मला नकाशावरची नावं नाहीत.

आता ल आणि श यांच्याबद्दल. देवनागरीत या दोन अक्षरांची दोन-दोन वळणं आहेत, एक हिंदीत रुळलेलं आणि एक मराठीत. महाराष्ट्र शासनाने २००९ साली मराठी वर्णमाला आणि लेखनाबद्दल जो निर्णय काढला त्यात पाकळीचा ल आणि देठाचा श हीच मराठीची रूपं मानली आहेत. आमच्या पिढीने पाटीवर हीच गिरवली. संगणकावर मात्र पुष्कळ देवनागरी फॉन्ट मूळ रूप म्हणून हिंदीचं वळण देतात. चांगल्या फॉन्टमध्ये मराठी वळण आतल्या आत ठेवलेलं असतं, पण हा मजकूर मराठी आहे असं पानाने सांगितल्याशिवाय ते बाहेर येत नाही. आणि संपूर्ण मराठी मजकूर असलेल्या पानाच्या पोटात भाषा म्हणून इंग्रजीची नोंद केलेली असते, असं मी कितीदा तरी पाहिलं आहे. बनवणाऱ्याने तयार साचा उचलला, भाषेची ओळ बदलायची राहिली. मग फॉन्टजवळ मराठी ल असूनही तो मला दिसत नाही.

लॅपटॉपबरोबर जो ब्राउझर आला तोच मी कित्येक वर्षं वापरत होते. फॉन्ट बदलायची सोय त्यात होती, पण सगळ्या लिप्यांना मिळून एकच. देवनागरीसाठी मनाजोगता फॉन्ट निवडला की इंग्रजी मजकूरही त्याच फॉन्टमधल्या रोमन अक्षरांत दिसू लागायचा. शिवाय नवं पान उघडलं की न मागितलेल्या बातम्यांची रांग समोर यायची. मी भाचीला फोन केला. ती नाशिकरोडला राहते, संगणकाचं शिकलेली आहे. ती म्हणाली, “मावशी, तुला पडद्यावर नेमकं काय दिसायला हवंय ते एका कागदावर लिहून काढ. मग मी येते.”

हा सल्ला फार मोलाचा होता. कोणता ब्राउझर चांगला असं विचारत बसलं असतं तर चार जणांनी चार नावं सांगितली असती. कागदावर मी लिहिलं: मराठी ल-श. इंग्रजीला धक्का न लावता मराठी मोठं. ओळींमध्ये मात्रा-उकारांना पुरेल एवढी जागा. न तुटणारी शिरोरेषा. शब्दकोश एका हाकेवर. टॅबवरची पूर्ण मराठी नावं. तो कागद वाचून ती म्हणाली, “फायरफॉक्स. पण तुला तो मी मांडून देणार नाही, तू स्वतः मांडायचास. मी शेजारी बसते.”

जुन्या ब्राउझरमधल्या वाचनखुणा आणि पासवर्ड नव्यात आणणं अगदीच किरकोळ काम निघालं. सगळे ब्राउझर आता ते आपणहून विचारतात. त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

फॉन्टवर मात्र लिहायलाच हवं. फायरफॉक्सच्या सेटिंगमध्ये फॉन्टच्या प्रगत पर्यायांत गेलं की वर लिपीची यादी दिसते, आणि तीत देवनागरी वेगळी आहे. तिथे जे ठरवाल ते फक्त देवनागरीला लागतं: कोणता फॉन्ट, किती मोठा, कमीत कमी किती मोठा. मी टायरो देवनागरी मराठी हा फॉन्ट निवडला. कॅनडातल्या टायरो टाइपवर्क्सने हिंदी, मराठी आणि संस्कृत यांच्यासाठी एकाच घराण्यातले तीन वेगळे फॉन्ट केले आहेत, आणि ते मोफत मिळतात. मराठीच्या फॉन्टमध्ये मराठी वळण हेच मूळ रूप आहे, पानाने भाषा सांगो वा न सांगो. त्याच खिडकीत खाली एक चौकोन असतो, पानांना स्वतःचे फॉन्ट वापरू द्यायचे की नाही. तो रिकामा केला आणि एका मराठी दैनिकाचं पान पुन्हा उघडलं. ‘लाल कांदा’, ‘शेतकरी’, ‘शिवार’ असे शब्द मी नुसते पाहत बसले. भाची चहा करायला उठली, तरी मी तिथेच.

पुढचा टप्पा थोडा खोल आहे. फायरफॉक्समध्ये आपल्या नावाने एक फोल्डर असतो. त्यात शैलीची एक छोटी फाइल ठेवता येते, आणि तिच्यातले नियम उघडणाऱ्या प्रत्येक पानाला लागू होतात. त्याआधी अबाउट-कॉन्फिग या पानावर एक कळ दाबून ही सोय चालू करावी लागते. माझ्या फाइलमध्ये थोडेच नियम आहेत. अक्षरांमधलं अंतर नेहमीचंच राहील, हा पहिला. इंग्रजी मथळ्यांत अक्षरं थोडी विरळ केली की ती ऐटदार दिसतात. तोच नियम मराठी मथळ्याला लावला की शिरोरेषेचे तुकडे होतात आणि शब्द एकेका अक्षरात विखुरतो. दुसरा नियम ओळींच्या अंतराचा. इंग्रजीला सव्वापट अंतर पुरतं, पण आपल्याकडे वर मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार, जोडाक्षरांचे पाय असतात, म्हणून मी ते पावणेदोनपट ठेवलं. तिसरा, मराठी मजकूर तिरका होणार नाही. देवनागरीचा खरा तिरका टाइप सहसा नसतोच, संगणक सरळ अक्षराला नुसतं ढकलून वाकवतो. हा नियम माझ्या आवडीचा आहे, दुसऱ्याला पटेलच असं नाही.

आणि चौथा, ज्याच्यावर माझा सगळ्यात जास्त जीव आहे. फॉन्ट-लँग्वेज-ओव्हरराइड नावाचा एक गुण आहे. त्यात मराठीचं सांकेतिक नाव लिहिलं की पानाने भाषा काहीही सांगितली असो, फॉन्टमधली मराठी रूपं वापरली जातात. चौकोन रिकामा करण्याची कडक सोय कधी नकोशी वाटते, कारण एखाद्या संकेतस्थळाने आवर्जून निवडलेला फॉन्ट खरंच सुंदर असतो. अशा वेळी फॉन्ट त्यांचा ठेवायचा आणि ल-श आपले घ्यायचे. फायरफॉक्समध्ये हा गुण २०१४पासून आहे. क्रोम ज्यावर उभा आहे त्या क्रोमियमच्या घराण्यात तो अनेक वर्षं नव्हता.

इथे इंजिनाचा, म्हणजे ब्राउझरच्या पोटात बसून पान पडद्यावर मांडणाऱ्या यंत्रणेचा विषय येतो. नावं पुष्कळ दिसली तरी आज मुख्य इंजिनं तीनच आहेत: क्रोमियमचं ब्लिंक, अ‍ॅपलचं वेबकिट आणि फायरफॉक्सचं गेको. नॉर्वेच्या ऑपेराचं स्वतःचं इंजिन होतं, ते त्यांनी २०१३मध्ये सोडायचं ठरवलं. मायक्रोसॉफ्टने एज २०२०मध्ये क्रोमियमवर आणला. मी व्हिवाल्डी नावाचा ब्राउझरही पाहिला. ऑपेराच्या संस्थापकांपैकी एक, यॉन फॉन टेट्झनर, यांनी तो उभा केला आणि २०१६मध्ये त्याची पहिली आवृत्ती आली. टॅबची मांडणी, माऊसच्या खुणा, स्वतःचे शॉर्टकट यांची ज्यांना आवड आहे त्यांनी तो जरूर वापरून पाहावा. पण इंजिन त्याचंही क्रोमियमचं, आणि माझी गरज इंजिनापाशीच येऊन थांबत होती. एका लिपीतल्या दोन अक्षरांची काळजी घेणारं वेगळं इंजिन जगात शिल्लक आहे, याचं मला फार मोल वाटतं. सगळं एकाच इंजिनावर चालू लागलं तर मराठीला काय हवं हे एकाच दारात विचारावं लागेल.

संकेतस्थळाने ज्या रूपात पान बनवलं त्यात ढवळाढवळ करायचा वाचणाऱ्याला काय अधिकार, असं एका तरुण सजावटकाराने मला विचारलं होतं. त्याचा प्रश्न प्रामाणिक होता, म्हणून मी त्याचं उत्तर शोधलं. पानांची शैली ठरवणारी जी पद्धत आज सगळीकडे चालते ती हाकोन व्ह्यूम ली या नॉर्वेच्या माणसाने ऑक्टोबर १९९४मध्ये मांडली. तेव्हा ते स्वित्झर्लंडमधल्या सर्न या संशोधन संस्थेत काम करत होते, जिथे वेबचा जन्म झाला. त्या पहिल्या प्रस्तावातच पानाचं रूप लेखक आणि वाचक दोघांच्या इच्छेतून ठरावं हा विचार होता. १९९६च्या डिसेंबरमध्ये या पद्धतीची पहिली आवृत्ती मान्य झाली. तिच्यात दोघांनीही एखादा नियम ‘महत्त्वाचा’ म्हणून लिहिला तर लेखकाचं चालायचं. १९९८च्या दुसऱ्या आवृत्तीत ते उलटं केलं गेलं. आता वाचकाने महत्त्वाचा म्हटलेला नियम लेखकाच्या वर चालतो. ज्याची नजर अधू आहे, ज्याला मोठी अक्षरं लागतात, ज्याला पांढऱ्यावरचं काळं सहन होत नाही, त्याच्यासाठी हे मुद्दाम केलेलं आहे. माझ्या फाइलमधल्या प्रत्येक नियमापुढे तो ‘महत्त्वाचा’ शब्द आहे. मी कुणाच्या घरात शिरून भिंती रंगवत नाही. मला दिलेला हक्क मी वापरते. क्रोममध्ये अशी फाइल ठेवायची सोय एके काळी होती, २०१४मध्ये ती काढली गेली. आता तिथे स्टायलससारखा विस्तार, म्हणजे ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्राम, जोडून ते काम करता येतं.

मराठी वाचकाने हा हक्क आधीही वापरला आहे. युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षरांना ठरावीक क्रमांक देणारी सामाईक पद्धत, सगळीकडे पोहोचण्याआधी मराठी दैनिकांची संकेतस्थळं आपापल्या फॉन्टवर चालायची. तो फॉन्ट संगणकावर नसेल तर पानभर अगम्य रोमन अक्षरं आणि चिन्हं दिसायची. असेल तरी मजकूर उचलून दुसरीकडे ठेवला की पुन्हा तीच चिन्हं, आणि त्यात शोध घेणं तर अशक्यच. तेव्हा फायरफॉक्ससाठी पद्मा नावाचा एक विस्तार होता. पान उघडताच तो अशा फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये बदलून दाखवायचा. संकेतस्थळाने काहीच केलेलं नसायचं, वाचणाऱ्याच्या ब्राउझरने ते केलेलं असायचं. अमेरिकेत राहणारी माझी मावसबहीण त्यामुळे सकाळी उठून नाशिकच्या बातम्या वाचू शकायची. त्या काळात फायरफॉक्सचेही दोष होते. दोन्ही कडा जुळवलेल्या परिच्छेदात वेलांट्या आणि मात्रा अक्षरांपासून सुटायच्या. २००८च्या जूनमध्ये तिसरी आवृत्ती आली तेव्हा ते सुधारलं.

शब्दकोशाचं काम अगदी सोपं निघालं, आणि रोजचा सर्वाधिक वेळ त्यानेच वाचला. फायरफॉक्समध्ये कोणत्याही संकेतस्थळाच्या शोधचौकटीला एक छोटं नाव देता येतं. मी ‘मो’ हे नाव मोल्सवर्थच्या कोशाला दिलं आणि ‘दा’ हे दात्यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाला. मोल्सवर्थची १८५७ची दुसरी आवृत्ती आणि १९३२ ते १९५० या काळात निघालेला दात्यांचा कोश, दोन्ही शिकागो विद्यापीठाने शोधता येतील अशा रूपात ठेवले आहेत. वरच्या पट्टीत ‘मो’ लिहायचं, जागा सोडून शब्द लिहायचा, एंटर दाबायचं. नावं देवनागरीत ठेवल्यामुळे कीबोर्डची भाषा बदलावी लागत नाही. काम करणाऱ्यालाच कळेल की दिवसभर मराठी-इंग्रजी-मराठी अशा उड्या मारणं किती थकवतं. विश्वकोशालाही असंच नाव दिलं आहे. हे कोश मी पूर्वी सार्वजनिक वाचनालयात बसून चाळायचे. १८४०पासून चालत आलेल्या त्या संस्थेत आजही जाते, पण आता पुस्तकं वाचायला. एका शब्दासाठी टेबलावरून उठून शहर ओलांडावं लागत नाही.

टॅब मी डावीकडे उभे लावले. २०२५च्या मार्चमध्ये फायरफॉक्सने ही सोय आणली, आणि पुढच्याच महिन्यात गट करायची. आडव्या टॅबवर मराठी मथळ्याची दोन अक्षरं कशीबशी दिसायची, आता पूर्ण वाक्य दिसतं. गट आहेत द्राक्ष, सिंहस्थ, कोश, घर. याहून जास्त मी केले नाहीत.

वाचनखुणेत ठेवलेलं एक छोटं बटण मात्र भाचीने माझ्यासाठी लिहिलं, आणि ते माझ्या पेशाचं हत्यार झालं आहे. वाचनखुणेच्या जागी पत्त्याऐवजी चार ओळींची आज्ञावली ठेवता येते. ती दाबली की समोरच्या पानावर ती काम करते. माझं बटण दाबलं की पानावरच्या संशयास्पद जागा पिवळ्या होतात. ‘दुःख’, ‘अंतःकरण’, ‘स्वतः’ यांत विसर्गाऐवजी अपूर्णविराम टंकलेला असेल तर तो. एकाच परिच्छेदात देवनागरी आणि इंग्रजी आकडे मिसळले असतील तर ते. ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’ दोन वेगळ्या रीतींनी टंकले असतील तर तेही, कारण डोळ्यांना दोन्ही सारखे दिसले तरी संगणकाच्या पोटात त्यांचे क्रम निराळे असतात आणि शोध घेताना एक सापडून दुसरा निसटू शकतो. ‘ॲ’चंही तसंच आहे, तोही दोन प्रकारे साठवला जातो. कागदावर या चुका अस्तित्वातच नव्हत्या. माझ्या पेशात त्या नव्याने आल्या, आणि त्या नजरेने पकडता येत नाहीत, फक्त यंत्रानेच पकडता येतात. ‘कोणता पिवळा रंग लावू?’ असं तिने विचारलं तेव्हा मी हळदीचा सांगितला. तोच लागला आहे.

या सगळ्याला मर्यादाही आहेत, त्या सांगायला हव्यात. फाइलमधून पानावरच्या सगळ्याच घटकांना एक फॉन्ट लावला तर चिन्हं बिघडतात, कारण बऱ्याच संकेतस्थळांवरची छोटी चित्रं म्हणजे खरं तर एका वेगळ्या फॉन्टमधली अक्षरं असतात. म्हणून फॉन्टचा नियम परिच्छेद, मथळे आणि याद्यांपुरताच ठेवावा. ओळींचं अंतर वाढवलं की काही बटणांवरचा मजकूर खाली सरकतो. आणि काही अर्ज, काही बँकांची पानं फक्त एकाच प्रकारच्या ब्राउझरवर तपासलेली असतात. त्यांच्यासाठी मी जुना ब्राउझर काढून टाकलेला नाही. तिथे काम झालं की तो बंद करते.

ब्राउझरचे मेनूही मी मराठीत लावले आहेत. ते भाषांतर स्वयंसेवकांनी केलेलं आहे. मुद्रितशोधकाच्या नजरेला एखादा शब्द खटकतो, आणि तो सुधारायला आपणही हात लावू शकतो हे कळल्यापासून मी खटकलेले शब्द वहीत टिपून ठेवते आहे. बऱ्यापैकी जमले की पाठवीन.

नाशिकमधल्या आम्ही काही जणी एकमेकींना काम देत-घेत असतो. त्यांना मी माझी फाइल पाठवली. एकीने ओळींचं अंतर दुप्पट करून घेतलं, तिच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं आहे. दुसरीला तिरकी अक्षरं हवी होती, तिने तो नियम पुसला. पंचवटीतली एक पोथ्यांचं काम करते. तिने मराठीच्या जागी संस्कृतचं नाव घालून तीच युक्ती वापरली, आणि आता वेदमंत्रांच्या उच्चारातला चढ-उतार दाखवणारी स्वरचिन्हं नीट बसावीत म्हणून ओळींना आणखी किती जागा लागेल ते पाहते आहे. काल रात्री उशिरा तिचा फोन होता. अनुदात्ताची आडवी रेघ खालच्या ओळीच्या वेलांटीला टेकते आहे, म्हणाली, सव्वादोनपट करून पाहू का? मी म्हटलं, पाहा, आणि जमलं की मलाही पाठवा.